दोऱ्याची खाच

डब्याचे झाकण उघडण्याआधी जमादाराने माझ्या हातात कागद दिला. कागद टंकलिखित होता, खाली गोल शिक्का होता आणि मजकूर माझ्याच तोंडी घातलेला होता : मी, खाली सही करणार दंतवैद्य, प्रमाणित करते की, सोबतची कवटी मी तपासली असून ती अमुक तांड्यावरील अमुक याची बायको, वय वर्षे बावीस, हिचीच आहे. सहीसाठी टिंबांची रांग आखलेली होती. तपासणीत काय आढळले हे लिहायला मात्र एक ओळही रिकामी नव्हती.

वैशाखातली सकाळ होती. ओसरीवरच्या वाळ्याच्या ताटीवर मी नुकतेच पाणी शिंपडले होते, आणि त्या ओल्या, मातकट सुगंधात राकेलचा दर्प मिसळला. माणसाचे डोके ज्यातून आणले होते तो डबा राकेलचा होता. आत कडब्याचे चार तुकडे, त्यांवर कवटी, आणि तिच्या बाजूला एका विडीच्या पुडक्यात खालचा जबडा. कलमी आंबेसुद्धा आमच्याकडे याहून जपून पाठवतात.

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबईच्या राज्यात गेला आणि त्याच वर्षी मी मुंबईहून दातांची विद्या घेऊन उलटी यवतमाळला आले. आमच्या घरातल्या दोन पिढ्या कचेरीच्या फायली आणि संस्कृत श्लोक यांवर पोसलेल्या. मुलीने फार तर बाळंतपणाची डॉक्टरीण व्हावे, इतपत उदारपण घरात होते. दात पाडणारी मुलगी म्हणजे मात्र सगळ्यांना न्हाव्याच्या हाताखाली राहिल्यासारखी वाटली. पुढे पोलीस माझ्याकडे कवट्या आणू लागले, तेव्हा गावातल्या प्रतिष्ठित बायकांनी माझ्या घरचे पाणी सोडले. हळदीकुंकवाला मला बोलावीत, पण वाण माझ्या पदरात वरून टाकीत. त्यांच्यापैकी प्रत्येकीच्या तोंडात मी डोकावले होते, आणि एवढेच सांगते की काही जबड्यांपुढे नाल्यात सापडलेली हाडे स्वच्छ होती.

ही कामे माझ्याकडे येत, कारण जिल्ह्यात हे काम करणारे दुसरे कोणी माझ्या माहितीत नव्हते. पुस्तकांत लिहिले होते, मृताच्या दंतवैद्याकडची जुनी नोंद मागवावी आणि ताडून पाहावी. आमच्याकडे कोणाची नोंद? इथल्या माणसाने जन्मात एकदा दात दाखवला तर तो वैदूला, आणि वैदूने तो दोन बोटांत धरून उपटून त्याच्याच हातावर ठेवला. म्हणून मी दुसरी नोंद वाचायला शिकले. बाभळीची काडी कोण उजव्या दाढेने चावते, तंबाखूची गोळी कोण डाव्या गालात धरते, बांबूच्या कांबी फोडताना दात कोण लावते. माणूस आयुष्यभर जे करतो ते दातांवर कोरले जाते.

वडिलांनी मला लहानपणी वृत्तांचे वेड लावले होते, आणि जबड्याकडे मी पहिल्यापासून त्याच कानाने पाहत आले. चार चरण, चरणाला आठ अक्षरे, मिळून बत्तीस : अनुष्टुभ. वर दोन चरण, खाली दोन. एखादे अक्षर गळले असेल तर जीभ तिथे अडखळते, तशी माझी नजर अडखळे. त्या सकाळी मी कवटी हातात घेतली आणि वरच्या ओळीतच छंद मोडलेला दिसला. समोरचे मधले दोन दात एकमेकांच्या जागी बसले होते. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे, आणि मुळांशी डिंकाचा पिवळा, चकाकता ओघळ.

"हे कोणी केले?" मी विचारले.

जमादार पायाच्या अंगठ्याने ओसरीची फरशी घासू लागला. "आणताना गयले व्हते, बाई. साहेब म्हणे, कोर्टात बिनदाताचं डोस्कं बरं दिसत नाही. मंग म्याच बसोले."

"मापाने बसवले?"

"नाही जी. बसले तसे बसोले."

पुराव्याशी इतक्या निरागसपणे खेळणारा माणूस निदान खरे तरी सांगत होता. त्याच्या साहेबाबद्दल मला ते म्हणता येणार नाही.

जंगलाकडच्या एका ठाण्याचा हा ठाणेदार दुसऱ्या दिवशी स्वतः जीपने आला. रुंद मानेचा, पानाने ओठ रंगलेला, आणि दर वाक्यानंतर आपलेच वाक्य आवडल्यासारखा थांबणारा. त्याने सांगितलेली हकीकत अशी : पांढरकवड्याजवळच्या एका तांड्यावरची बाई माघात माहेरी जायला निघाली. माहेर ढाणकीच्या बाजूला. ती तिथे पोहोचलीच नाही. नवऱ्याने आठ दिवसांनी वर्दी दिली. वैशाखात झरी-जामणीकडच्या जंगलात सागाची तोड करणाऱ्या कोलाम मजुरांना नाल्यात ही कवटी दिसली. नवरा मारकुटा होता, सगळ्यांना माहीत होते. त्याला आत घेतले, तो कबूल झाला. आता माझी सही झाली की काम संपले. कागद वर जाईल, आणि वरून बहुधा तो माणूस फासावर.

"ढाणकी मावळतीला," मी म्हटले, "आणि झरी-जामणी उगवतीला. माहेरी जाणारी बाई उलट्या दिशेला कशी गेली?"

"जंगल ते जंगलच असते, बाईसाहेब."

"नवरा कधी कबूल झाला?"

"तिसऱ्या दिवशी."

"पहिले दोन दिवस काय म्हणत होता?"

"पहिले दोन दिवस तं सारेच खोटं बोलतेत." तो हसला आणि बोट पुढे करून त्याने कवटीच्या वरच्या दातांना स्पर्श केला, मी त्याचा हात पेन्सिलीने दूर केला. "सोनं पाहा ना! मेखा हायेत. तिलेही व्हत्या. तांड्यावरच्या साऱ्यायनं सांगतलं. सोन्याच्या मेखा ठोकलेले दात काय झाडाले लागतेत?"

मोठ्या डॉक्टरांनीही हेच पाहिले होते. सरकारी दवाखान्यातले हे गृहस्थ पुढे बदलून गेले. गेले तिथल्या लोकांची मला दया येते. कवटी बाईची, वय सुमारे बावीस, असे त्यांनी दोन ओळींत लिहून दिले होते. बाईची, हे खरे होते. बावीस हा आकडा त्यांनी कवटीवरून काढला नव्हता, ठाणेदाराच्या अर्जावरून उतरवला होता. अक्कलदाढा पूर्ण उगवून वरून चपट्या झाल्या होत्या. टाकीच्या खुणा झिजलेल्या जात्याच्या तळीसारख्या. पस्तिशीच्या आत अशा दाढा मी पाहिल्या नव्हत्या. पण अक्कलदाढेपर्यंत पोहोचायला तोंडात बोट घालावे लागते, आणि मोठ्या डॉक्टरांची बोटे नेहमी इस्त्रीच्या रुमालात असत.

माझ्या स्वतःच्या वागण्याबद्दलही लिहिले पाहिजे. त्या मेखा पाहून मला जो संताप आला तो सगळा जत्रेतल्या सोनारकाम करणाऱ्या दातवाल्यावर. हा माणूस दर जत्रेत चिंचेखाली बसे, सुताराच्या कमानीसारखे छोटे गिरमिट फिरवून जिवंत दाताला भोक पाडी आणि त्यात सोन्याची बारीक मेख ठोकून देई. लोक हौसेने ठोकून घेत. मरताना तोंडात सोने घालायला कोणी जवळ नसले, तरी सोने आधीच तोंडात असते, हा त्यामागचा हिशेब. मी दाताच्या गराच्या नाशाबद्दल, घाणेरड्या गिरमिटाबद्दल, अडाणीपणाबद्दल मनातल्या मनात एक भाषण केले, आणि त्या भाषणाच्या गुंगीत कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहिले : 'संभवते'. दाढांचे वय मी पाहिले होते, तरी लिहिले. मोठे डॉक्टर लिहितात, ठाणेदार म्हणतो, सोने तर आहे. 'संभवते' हा भित्र्यांचा आवडता शब्द आहे. त्यावर कोणाला फाशीही देता येते आणि हातही झटकता येतात.

तिसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर ओसरीच्या पायरीवर एक म्हातारी येऊन बसली. डोळे खोल, अंगावर आरशांचे जुने, विटलेले कापड. कोपराच्या वर, जिथे तांड्यावरच्या बायका बलोयांची, सवाष्णपणाच्या पांढऱ्या चुड्यांची, रांग घालतात, तिथे कातडीवर फिकट पट्टे होते. नवरा गेल्यावर बलोया उतरवल्या, उन्हाने ते पट्टे अजून भरले नव्हते. मला वाटले, दाढ दुखत असेल. ती म्हणाली, "ज्या बाईचं डोस्कं म्हणून राह्यले, तिची मी याडी. माय."

मी तिला आत बोलावले. ती आली नाही. पायरीवरूनच बोलली.

"ते डोस्कं माह्या पोरीचं नोहे."

"तुम्ही पाहिलेत?"

"पाहाची गरज नाही."

"मग कशावरून म्हणता? मेखा तर आहेत."

तिने ओठ वर उचलून मला आपले दात दाखवले. दोन सोन्याचे ठिपके उन्हात चमकले. "मलेही हायेत. माह्या जावेले हायेत. आमच्या तांड्यावर ज्या बाईनं जत्रा पाह्यली, तिले हायेत. ठाणेदारानं काहून नाही इचारलं? आमच्या तोंडात पाहाले त्याले घाण वाटते."

पेन्सिलीने लिहिलेला तो शब्द टेबलावर पडला होता आणि पायरीवरून तो तिला दिसत नव्हता. दिसला असता तरी वाचता आला नसता. तरीही मी त्यावर हात ठेवला.

मग तिने कमरेच्या पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी काढले. फडके उलगडताच मधाचा वास आला. खोल, जंगलाचा, किंचित धुरकट. मुठीएवढा पिवळाधमक मेणाचा गोळा. तांड्यावरच्या बायका कापडावर आरसे आणि कवड्या शिवताना दोरा या मेणावरून ओढतात म्हणजे तो गुंतत नाही, आणि दोन्ही हात कामात असले की गोळा दातांत धरतात. गोळ्याच्या एका कडेला वरच्या दातांची रांग स्वच्छ उमटली होती.

"हे तिचं. मी पाण्याच्या मडक्याखाली ठुलं व्हतं. उन्हात इरघळते."

मी गोळा खिडकीशी नेला. चार दातांचे ठसे. बाजूच्या दोन ठशांत मेखांचे बारीक खळगे. आणि वरच्या डाव्या मधल्या दाताच्या ठशात, अगदी कडेला, मेणाची एक उभी, बारीक भिंत. मेणात भिंत, म्हणजे दातात खाच. सातव्या-आठव्या वर्षापासून रोज त्याच दाताने दोरा तोडणाऱ्या बाईच्या दाताला पडते तशी खाच. विहिरीच्या दगडी पाळीवर पोहऱ्याचा दोर घासून पडते तशी.

कवटीचे दोन्ही मधले दात मी डिंकातून सोडवले आणि योग्य जागी बसवून पाहिले. कडा अखंड होत्या. झिजलेल्या, पण सरळ. खाच नव्हती. दाताची झीज भरून येत नाही. गेलेला कण परत मिळत नाही, ना जिवंतपणी ना मेल्यावर. म्हणजे ज्या बाईचे हे मेण, तिचे हे डोके नव्हते. अख्ख्या जिल्ह्यात एकाच तोंडाची नोंद नीट ठेवलेली निघाली, आणि ती कुठल्या दवाखान्यात नव्हती, मडक्याखाली होती.

"तुमच्या जावयाला तुम्ही शिव्या देत होता म्हणे," मी म्हटले. "भर बाजारात. त्याचे हात सडतील असे म्हणालात म्हणे."

"सडाचेच हायेत त्याचे हात. माह्या पोरीले बैलासारखं मारे."

"मग त्याला वाचवायला एवढ्या लांब आलात?"

"मारकुटा हाय," ती म्हणाली. "पर त्यानं मारून टाकलं नाही. जे केलं नाही त्याच्यापायी फाशी कायले?"

मला ते वाक्य फार थोर वाटले. त्या दुपारी मी त्यावर कितीतरी वेळ विचार करीत बसले. शत्रूलाही न्याय देणारी अडाणी म्हातारी आणि एका पेन्सिलीत जीव घेणारी आम्ही शिकलेली माणसे, असा तो सुंदर विरोध होता. सुंदर विरोध दिसला की मी सहसा फसते. वासाकडे माझे लक्ष गेले होते; त्याचा अर्थ लावण्याकडे गेले नाही.

ठाणेदाराला मी कळवले, आणि तो मेण न्यायला आला. मुद्देमाल म्हणून. त्याच्या आधीच्या रात्री मी गोळ्यावर प्लास्टर ओतून त्याचे दोन साचे काढून ठेवले होते, आणि कवटीचे दात माझ्या मेणपट्टीत दाबून तोही ठसा घेतला होता. मला दैवी ज्ञान नव्हते. मला ठाणेदाराची जीप माहीत होती. त्याने गोळा फडक्यातून काढला, कागदाच्या पुडीत बांधला, पुडीवर लाख लावली, आणि ती जीपच्या पुढल्या काचेखाली, पत्र्यावर ठेवून तो माझ्याकडे चहा प्यायला बसला. बाहेर लू वाहत होती. तो परत गेला तेव्हा पुडीतून पिवळी धार पत्र्यावर ओघळली होती आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या.

"अरेरे," तो म्हणाला. "आता काय करता, बाईसाहेब? नशीब म्हाताऱ्या बाईचं."

"नशीब तुमचे," मी म्हटले आणि कपाटातून साचा काढून त्याच्यासमोर ठेवला.

त्याच्या चेहऱ्यावरचा पानाचा रंग तेवढा उरला. त्याने मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. मुद्दाम वाईट करायलाही थोडी तरतूद लागते. या माणसांत तीही नव्हती. त्यांच्या हातून माणूस फासावर गेला असता तो निष्काळजीपणाने, चहा पिता पिता.

चौकशी मॅजिस्ट्रेटसमोर झाली. मोठे डॉक्टर पांढऱ्या सुटात आले. त्यांनी सांगितले की, मोडलेले हाड जसे सांधते तशी दाताची खाचही काळाने भरून येणे शक्य आहे. हाडाला रक्त मिळते. दाताच्या कवचाला मिळत नाही. हे पहिल्या वर्षीचा विद्यार्थी सांगतो. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते, त्यांचे स्वतःचे पुढचे दात पडलेले होते, आणि म्हणूनच असेल, त्यांनी दातांना पुरेसा मान दिला. साचा आणि मेणपट्टी त्यांनी दोन्ही हातांत घेतली, अंगठ्याने कडा चाचपल्या, आणि डॉक्टरांना विचारले, "मग माझे दात केव्हा भरून येतील?"

कोर्टात हशा पिकला. डॉक्टर हसले नाहीत.

नवरा सुटला. कोपऱ्यात उभा होता तो. तीन बोटांना पट्ट्या, डोळा सुजलेला, आणि सुटल्यावर त्याने कोणाचेच आभार मानले नाहीत. मला तो अजिबात आवडला नाही. निरपराध माणूस आवडण्याजोगा असतोच असे नाही. म्हातारी मागच्या भिंतीशी बसली होती. निकाल ऐकून ती उठली, पदर सावरला आणि बाहेर गेली. मुलीचे काय झाले असेल, असे ना तिने कोणाला विचारले ना तिला कोणी. मी मनात म्हटले, दुःख असे मुके असते. हेही मला फार सुंदर वाटले.

आणि ती कवटी? जी बाई पस्तिशीच्या पुढची होती, जिने कुठल्याशा जत्रेत हौसेने मेखा ठोकून घेतल्या होत्या, ती कोण, हे मी ठाणेदाराला लेखी विचारले. उत्तर आले : प्रकरण बंद. जोवर ती दुसऱ्या कोणाची तरी होती तोवर सगळ्या खात्यांना तिची गरज होती. ती स्वतःची आहे असे ठरले त्या क्षणी ती बेवारस झाली. कुठे पुरली तेही मला सांगितले गेले नाही. राकेलचा डबा मात्र ठाण्याने परत मागवला.

पुढे दोन वर्षे गेली. भाद्रपदात, पोळा होऊन गेल्यावर, एक तरुण बाई दाढ काढायला आली. साधे हिरवे लुगडे, हातभर काचेच्या बांगड्या, बोलणे बाजारातले. दूरच्या कुठल्याशा गावाहून मोटारीने आली होती. खुर्चीत बसताना पदर सरकला आणि कोपराच्या वर मला फिकट पट्टे दिसले. पहिला नवरा मेला असेल, दुसरा केला असेल, असे मी मनात म्हटले, आणि आरसा उचलून तिच्या तोंडात डोकावले.

बाजूच्या दोन दातांत सोन्याचे ठिपके. वरच्या डाव्या मधल्या दाताला, कडेला, खाच.

लवंगेच्या तेलाचा वास येत होता, आणि त्याच्या खालून, तिच्या बोटांना, कपड्यांना, मधाचा धुरकट वास. त्याच क्षणी मला तो गोळा आठवला. जुन्या मेणावर पांढरी भुकटी धरते, वास मरतो. तो गोळा पिवळाधमक होता. माघात गेलेल्या बाईचा वैशाखात दिलेला गोळा, आणि त्यावरचा ठसा चार दिवसांपूर्वीचा असावा इतका धारदार. वास माझ्या नाकापर्यंत आला होता. तांड्यावरच्या तोंडांत कोणी पाहत नाही म्हणून सगळ्या जिल्ह्याला नावे ठेवणाऱ्या मीच हातातल्या मेणाकडे पाहिले नव्हते. मला म्हातारीचे थोरपण हवे होते. तिचे शहाणपण मला दिसलेच नाही.

"दोरा दाताने तोडणे सोड," मी म्हटले.

तिने तोंड मिटले. मग ती म्हणाली, "याडीनं सांगतलं व्हतं. ते बाई वळखन म्हणे."

"मेण तूच चावून दिले होतेस."

"हो. याडी मांगं आली व्हती मले भेटाले. म्हणे, त्याले फाशी देऊन राह्यले तुह्यासाठी. तू जिती हाय हे सांगतलं तं तांड्याची पंचायत तुले ओढून नेईन त्याच्या घरी. नाही सांगतलं तं तो मरते, अन् ते वझं जलमभर तुह्या मानेवर. मंग म्हणे, मेण चाव."

"आणि तू आता कोणाकडे राहतेस?"

तिने मान ताठ केली. "बाप्याच्या मांगं नाही गेली मी, बाई. साऱ्यायले तसंच वाटते. शिंप्याच्या दुकानात काज-बटन करतो. माह्या हातचं पोट हाय."

मी दाढ काढली. सरळ आली, तीन मुळांसह. चूळ भरून झाल्यावरही ती उठेना.

"थे खाच बुजते का?"

"बुजत नाही. पण बाजूची कड घासून सरळ करता येते. मग दिसणार नाही."

"मंग घासा. नवऱ्याच्या भावानं मोटारतळावर पाह्यलं मले. बोलला नाही, पर तोंडाकडे पाहत व्हता."

ज्या विद्येने मी ओळख सिद्ध करीत होते, त्याच विद्येने ती पुसायला मला सांगितले जात होते. कागद, शिक्का, टिंबांची रांग यांतले काहीच या वेळी नव्हते. मी घासणीचे चाक लावले. दाताची भुकटी उडाली, जळक्या शिंगासारखा तो वास. दोन्ही मधल्या दातांच्या कडा मी एका रेषेत आणल्या. सोळा-सतरा वर्षांचा दोरा तेवढ्या वेळात नाहीसा झाला. मग मी मेखांवर बोट ठेवले.

"याही काढू? ओळख राहायला नको."

"नाही." तिने झटकन माझे मनगट धरले. "सोनं राहू द्या. मी मेल्यावर माह्या तोंडात कोन घालन?"

ती गेल्यावर मी कपाटातला दुसरा साचा काढला. पेशंटच्या नोंदीसाठी मी त्या वर्षीपासून कार्डे ठेवू लागले होते. टेबलावर तिचे कार्ड पडले होते, त्यावर फक्त 'दाढ काढली' एवढे लिहिलेले. साचा मी खलबत्त्यात टाकला आणि कुटला. त्याचे पीठ झाले. चाकाखाली पडलेली भुकटी त्यातच झाडून घेतली आणि परसातल्या तुळशीच्या नव्हे, कर्दळीच्या मुळाशी ओतली. तुळशीला एवढे पावित्र्य सोसले नसते.